माझ्या नावावर दोन कर्जं निघालीत, मी घेतलेलं एकही नाही: सिबिल रिपोर्टचं काय करायचं?

आंबेमोहोर | ३ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. मदत हवी आहे.

आमचं कोरेगावचं घर जुनं. स्लॅब गळतो, भिंतींना ओल आहे. दुरुस्तीसाठी बारा लाखांचं कर्जप्रकरण केलं. शुक्रवारी बँकेत बोलावलं म्हणून गेलो, तर मॅनेजरसाहेबांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. सिबिल रिपोर्ट, म्हणजे माझ्या नावावरच्या कर्जांची नोंद, त्यात माझा स्कोअर ५९८. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

रिपोर्टमध्ये दोन कर्जं आहेत. एक मार्च २०२३ चं, २४,९९९ रुपयांचं, वस्तूसाठीचं कर्ज. दुसरं ऑक्टोबर २०२३ चं, ४०,००० रुपयांचं पर्सनल लोन, त्याचे हप्ते चार भरलेत आणि मग बंद. यातलं एकही मी घेतलेलं नाही. मी जन्मात एकच कर्ज घेतलं, सोन्यावरचं, तेही २०१९ ला फेडून दागिना घरी आणला. रिपोर्टमध्ये पत्त्यांच्या यादीत भिवंडीचा एक पत्ता आहे. मी भिवंडी पाहिलेलीसुद्धा नाही. मोबाईल नंबर तीन आहेत, त्यातला एकच माझा.

यजमान म्हणतात, भरून टाकू आणि मोकळं होऊ. काल रात्री भांडी आवरताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "काही अडचण होती का गं, आम्हाला सांगितलं नाहीस?" तेव्हापासून झोप नाही.

सुरुवात कुठून करू? बँक, पोलीस, की सिबिलवाले? किती दिवस लागतात?

---

घाटमाथा | ३ ऑगस्ट, रात्री ११.०२

ताई, आधी एक गोष्ट: एक रुपयाही भरू नका. भरलात की कर्ज तुमचंच होतं असं तुम्ही कबूल केल्यासारखं होतं. वसुलीवाल्यांचा फोन आला तर "हे कर्ज माझं नाही, लेखी तक्रार करतेय" एवढंच बोला. आधार, पॅन, ओटीपी काहीही सांगू नका.

---

दशमी | ३ ऑगस्ट, रात्री ११.३०

घाटमाथांशी असहमत. माझ्या भावाचं असंच ६,२०० रुपयांचं निघालं होतं. त्याने भरले, महिन्याभरात गाडीचं कर्ज मंजूर. पावसाळ्यात स्लॅब गळत असताना माणूस तत्त्व सांभाळणार की घर?

---

पासबुक_काका | ४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. सविस्तर लिहितो. ताई, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारे ब्युरो चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सर्वांत जुनी, २००० सालची, म्हणून सगळेच 'सिबिल काढा' म्हणतात. पण २०१५ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक बँक आणि वित्त कंपनीला चारही ब्युरोंचं सभासद व्हायला लावलंय. म्हणजे चूक चारही ठिकाणी असू शकते. चारही रिपोर्ट काढा. प्रत्येक ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा, हा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे. संकेतस्थळावर पैसेवाला प्लॅन मोठ्या अक्षरात दिसतो, फुकटचं बटण शोधावं लागतं. शोधा, ते असतंच. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. स्कोअरवर परिणाम होतो तो बँकांनी केलेल्या चौकशांचा.

आता वाचायचं कसं. सगळे वरचा आकडा बघतात. तो ३०० ते ९०० मधला असतो आणि तो शेवटी बघायचा. पहिल्यांदा बघा नाव, जन्मतारीख, पॅन. मग पत्ते आणि मोबाईल, आणि प्रत्येकापुढे तो कधी नोंदला गेला ती तारीख. मग खाती. प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, त्यात हप्ता किती दिवस उशिरा आहे ते लिहिलेलं असतं. ००० म्हणजे वेळेवर. ०३०, ०६० म्हणजे तितके दिवस थकलेलं. नव्वदच्या पुढे गेलं की बँकेच्या भाषेत ते खातं एनपीए, म्हणजे बुडण्याच्या वाटेवरचं. 'एक्सएक्सएक्स' दिसलं तर घाबरू नका, त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलेली नाही इतकाच अर्थ. सर्वांत शेवटी चौकश्या: कुणी, कधी, किती रकमेसाठी तुमचा रिपोर्ट पाहिला. चोराच्या पाऊलखुणा बहुतेक वेळा इथेच सापडतात, कारण तो एकाच ठिकाणी अर्ज करून थांबत नाही.

आता एक विनंती. दोन्ही कर्जं चोरीचीच आहेत असं धरून चालू नका. भिवंडीचा पत्ता कोणत्या तारखेला नोंदला गेला ते बघून इथे सांगा. माझ्या मनात एक शंका आहे.

दशमी, तुमच्या भावाचं काम झालं याचा आनंद आहे. पण त्यांचा रिपोर्ट एकदा उघडून बघा. खातं 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेलं) दिसतंय की 'सेटल्ड' (तडजोडीने कमी भरून मिटवलेलं)? सेटल्ड असेल तर पुढचा प्रत्येक बँकवाला तो शब्द वाचणार. शिवाय उशिराचे चौकोन पैसे भरले म्हणून पुसले जात नाहीत. ते भावाच्या नावावर तसेच राहिलेत.

---

खटारा_स्कूटर | ४ ऑगस्ट, सकाळी ८.०५

काकांचा प्रतिसाद वाचला, ताबडतोब माझा रिपोर्ट काढला. ७८१! शाळेत गणितात एवढे मार्क सगळ्या वर्षांचे मिळूनही पडले नसतील. आईला दाखवला, ती म्हणाली, "हजारातले ना? मग ठीक."

---

हडसन_किनारा | ४ ऑगस्ट, सकाळी ८.५०

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे 'फ्रीज' नावाची सोय आहे. आपणच आपला रिपोर्ट गोठवायचा, मग कुणीही आपल्या नावाने नवं कर्ज काढायला गेलं तर कंपनीला रिपोर्टच दिसत नाही आणि अर्ज तिथेच अडतो. २०१७ ला इक्विफॅक्समधून १४ कोटींहून जास्त अमेरिकनांची माहिती चोरीला गेली, त्यानंतर कायदा बदलला आणि सप्टेंबर २०१८ पासून फ्रीज पूर्ण फुकट झाला. मी आणि बायकोने तिन्ही ब्युरोत करून ठेवलाय, गाडी घेताना दोन दिवस उघडला, परत बंद केला. भारतात अशी सोय यायला हवी असं मला फार वाटतं. आई-बाबा पुण्यात एकटे आहेत, त्यांच्या पॅनची काळजी मला इथून लागलेली असते.

---

पासबुक_काका | ४ ऑगस्ट, सकाळी ९.२०

खरं आहे. आपल्याकडे फ्रीज नाही. आहे ती सूचना. कुणी आपला रिपोर्ट पाहिला की ब्युरोने एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. पण ब्युरोकडे आपला नंबर जुना असेल तर ती सूचना आपल्यापर्यंत पोचणार कशी? आई-बाबांचे नंबर आणि ईमेल बरोबर नोंदलेत का, तेवढं फोनवरून करून घ्या.

---

सोनचाफा | ४ ऑगस्ट, दुपारी १.४०

मी कोल्हापूर भागात बचत गटांबरोबर काम करते. आंबेमोहोर, तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून गलबलून आलं. आमच्या बायकांच्या बाबतीत हे रोज घडतं. पहिला संशय घरातूनच येतो.

गटकर्जात काय होतं ते सांगते. एखादी ओळखीची बाई म्हणते, "माझं कर्ज चालू आहे, मला दुसरं मिळत नाही, तुझ्या नावावर काढ, हप्ता मी भरते." आधार दिलं जातं, ओटीपी सांगितला जातो. सहा महिन्यांनी ती बाई गाव सोडून जाते. कायद्याच्या नजरेने ही चोरी म्हणता येत नाही, कारण ओटीपी स्वतःच दिलेला असतो. पण त्या बाईच्या दृष्टीने ती लूटच आहे. मी प्रत्येक बैठकीत सांगते: ओटीपी म्हणजे अंगठा. कोऱ्या कागदावर अंगठा देणार का? मग हाही देऊ नका.

गटाच्या बायकांनी क्रिफ हाय मार्कचा रिपोर्ट आवर्जून बघावा. सूक्ष्मकर्जांच्या नोंदी त्या ब्युरोत सुरुवातीपासून चांगल्या आहेत. गेल्या वर्षी एका गटातल्या अकरा जणींचे रिपोर्ट एकाच मोबाईलवर बसून काढले. तिघींच्या नावावर त्यांना माहीत नसलेली कर्जं होती. त्यातल्या एकीचं तिच्या नवऱ्यानेच काढलेलं. ती काही बोलली नाही, कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. तो क्षण मी विसरू शकत नाही.

---

मोट | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

परभणीकडून. आमच्याकडं सिबिल म्हणलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पाऊस गेला, सोयाबीन गेलं, हप्ता थकला, की झालं सिबिल खराब. सरकारनं कर्जमाफी दिली तरी रिपोर्टात डाग राहिलेले लोक मी बघितलेत. मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीत सांगितलंय की पीककर्जाला सिबिल मागू नका. तरी गावात शाखेत गेलं की पहिला प्रश्न तोच.

आणि जामीनदाराचं कुणीच बोललं नाही. मी चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो. त्याचे हप्ते थकले आणि माझं विहिरीचं प्रकरण परत आलं. जामीन राहिलेलं कर्ज आपल्या रिपोर्टात दिसतं हे मला सही करताना कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं थकवलं तर डाग दोघांना.

---

चिंचगूळ | ४ ऑगस्ट, रात्री ९.१०

सिबिलवरून आठवलं, मूर्तिजापूरची बातमी वाचली होती ना यंदा फेब्रुवारीत? लग्न ठरत आलेलं आणि मुलीच्या मामांनी मुलाचं सिबिल बघितलं. बरीच कर्जं निघाली, लग्न मोडलं. आता कांदेपोह्यांबरोबर रिपोर्टची प्रिंट ठेवायची पद्धत सुरू करू या. :)

---

दिवेलागण | ४ ऑगस्ट, रात्री ९.३५

चिंचगूळ :) पण मला त्या मामांचं पटलं. मुलीला पुढची वीस वर्षं त्या घरात राहायचंय. छत्तीस गुण बघतो, मग हा कागद का नाही? फक्त मुलाच्या संमतीने. दोघांनी एकमेकांना आपापले रिपोर्ट दाखवावेत, दडवून काढू नयेत.

---

घाटमाथा | ४ ऑगस्ट, रात्री ९.५०

संमतीचा मुद्दा महत्त्वाचा. दुसऱ्याच्या पॅनवर त्याला न विचारता रिपोर्ट काढणं हेही ओळखचोरीच्याच वाटेवरचं पाऊल आहे. मामा असोत की काका. (पासबुक काका सोडून.)

---

आंबेमोहोर | ५ ऑगस्ट, रात्री ८.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला शेजारी बसवून चारही रिपोर्ट काढले. काका, भिवंडीच्या पत्त्याची नोंद एप्रिल २०२३ ची आहे. ऑक्टोबरनंतर नवा पत्ता आलेला नाही, पर्सनल लोनच्या वेळी आमचा कोरेगावचाच पत्ता आहे. पण त्या महिन्यात एक नवा मोबाईल नंबर आलाय. आणि चौकश्या! ऑक्टोबर २०२३ च्या एकाच आठवड्यात सहा. वस्तूच्या कर्जाची मात्र एकच, आणि त्याचे हप्ते जवळपास सगळे वेळेवर.

---

पासबुक_काका | ५ ऑगस्ट, रात्री ८.४०

हीच शंका होती. नीट बघा. पर्सनल लोनला पत्ता तुमचा आणि मोबाईल परका. म्हणजे कुणाकडे तुमच्या आधार-पॅनची प्रत होती, त्यावरचा पत्ता त्याने तसाच ठेवला आणि ओटीपी यावा म्हणून नंबर स्वतःचा दिला. आठवड्यात सहा चौकश्या म्हणजे सहा ठिकाणी प्रयत्न. ही चोरी.

वस्तूच्या कर्जाला मात्र पत्ता आणि मोबाईल दोन्ही परके, एकच चौकशी, आणि हप्ते जवळपास सगळे वेळेवर. चोर शेवटपर्यंत हप्ते भरत बसत नाही. हे बहुधा तुमच्याच नावाच्या दुसऱ्या बाईंचं कर्ज आहे आणि पॅन टाइप करताना कुणाची तरी चूक झालीय. अशा सरमिसळीची प्रकरणं मी नोकरीत कितीतरी निस्तरलीत.

आता करायचं असं. दोन्हींसाठी चारही ब्युरोत ऑनलाइन तक्रार टाका. रिपोर्टवर कंट्रोल नंबर असतो, तो लागेल. आणि ज्या कंपनीचं कर्ज आहे तिच्या तक्रार अधिकाऱ्यालाही त्याच दिवशी ईमेल. ब्युरो स्वतःहून एक अक्षर बदलू शकत नाही, कंपनीने होकार दिला तरच बदलतो, म्हणून दोन्हीकडे लिहायचं. कंपनीकडे नावानिशी मागा: कर्जकरार, केवायसीच्या (ओळखीच्या कागदांच्या) प्रती, अर्जातला सेल्फी, ओटीपी गेलेला मोबाईल नंबर, आणि सर्वांत महत्त्वाचं, पैसे कोणत्या खात्यात जमा केले. पैसा कुठे गेला ते कळलं की निम्मं प्रकरण उलगडतं.

दिवस: तक्रारीपासून ३० दिवस. त्यातले २१ कंपनीने माहिती दुरुस्त करून पाठवायला. ३० दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायची, एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने द्यायची. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, त्याला पैसे लागत नाहीत. म्हणून तक्रारीची तारीख आणि क्रमांक वहीत लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा.

---

रानपाखरू | ५ ऑगस्ट, रात्री ९.३०

पोलिसांबद्दल मी सांगतो, स्वतः गेलो आहे. १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, पोचक्रमांक मिळतो. मग ती प्रिंट घेऊन ठाण्यात जा. मला पहिल्या दिवशी "तुमचे पैसे तर गेले नाहीत ना, मग गुन्हा कसला?" असं विचारलं गेलं. ओळखीची चोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अर्जातच कलम लिहा. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला आणि नंतर हवालदारसाहेबांनी खूप मदत केली, हेही सांगायला हवं.

आणखी एक. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. माझ्या नावावर पाच होती, मी वापरतो दोन. बाकी तिन्हींपुढे 'हा नंबर माझा नाही' निवडलं.

---

दशमी | ५ ऑगस्ट, रात्री १०.२०

भावाला रिपोर्ट काढायला लावला. काका बरोबर होते. खातं सेटल्ड आहे आणि थकलेले चार महिने तसेच आहेत. गाडीचं कर्ज मिळालं, पण व्याज दीड टक्का जास्त लागलंय, तो तेव्हा काही बोलला नव्हता. माझा आधीचा सल्ला मागे घेते. आम्हीही तक्रार टाकतोय.

---

टपरीवरचा_चहा | ६ ऑगस्ट, सकाळी ११.००

झेरॉक्सचा विषय काढतो. परवा एका दुकानात प्रिंट काढायला गेलो. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर शंभर-दीडशे फायली उघड्यावर. आधार, पॅन, सातबारा, कुणाची तरी गुणपत्रिका. सगळ्या लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या, एकही पुसलेली नाही. मी माझी पुसायला लावली, त्याने पुसली, पण ती रिसायकल बिनमध्ये होती आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्येही होतीच. दुकानदार वाईट नाही, त्याला ते सुचलेलंच नाही.

माझा नियम: प्रतीवर तिरकं लिहायचं, 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख, आणि अक्षरं फोटोवरून आणि क्रमांकावरून गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं.

---

कोरा_कागद | ६ ऑगस्ट, सकाळी ११.४०

हे सगळं भीती पसरवणं चाललंय असं वाटत नाही का? २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळुरू कार्यालयाने 'झेरॉक्स देऊ नका' असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत केंद्र सरकारने ते मागे घेतलं. आधारशिवाय कुठलं काम होतं? किती ठिकाणी नाही म्हणणार?

---

सोनचाफा | ६ ऑगस्ट, दुपारी १२.३०

कोरा_कागद, नाही म्हणायला कुणी सांगत नाहीये. पत्रक मागे घेतलं, पण त्याच पत्रकात सांगितलेली मास्क्ड आधारची सोय चालूच आहे. त्यात क्रमांकाचे शेवटचे चार आकडेच दिसतात. लॉजला, भाडेकराराच्या दलालाला, सोसायटीच्या गेटवर ती प्रत पुरते. बोटांचे ठसे लॉक करायचीही सोय आहे. फक्त लक्षात ठेवा, लॉक केलं की रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही, जायच्या आधी उघडावं लागतं. आमच्या दोन आज्या त्यामुळे हात हलवत परत आल्या होत्या. आणि ठसे लॉक केले तरी ओटीपीचा रस्ता उघडाच राहतो, म्हणून आधारला जोडलेलं सिम जपायचं.

---

आंबेमोहोर | २९ ऑगस्ट, रात्री ९.४५

धागा वर काढतेय. ६ ऑगस्टला सगळीकडे तक्रारी टाकल्या होत्या.

वस्तूच्या कर्जाचा उलगडा झाला. काका, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. भिवंडीला माझ्याच नावाच्या एक बाई आहेत, जन्मतारीखही तीच. त्यांच्या पॅनमध्ये ८ आहे तिथे माझ्यात ६. फोनच्या दुकानात तो आकडा चुकला आणि त्यांच्या मोबाईलचं कर्ज माझ्या रिपोर्टमध्ये आलं. कंपनीने चूक मान्य करणारं पत्र पाठवलंय. इतके दिवस मनातल्या मनात त्या बाईला काय काय बोलले होते. बिचारी हप्ते भरत होती आणि त्याचं श्रेय माझ्या खात्यात पडत होतं.

पर्सनल लोनवाल्यांनी आधी नुसतं 'आपली तक्रार विचाराधीन आहे' पाठवलं. पोर्टलचा पोचक्रमांक आणि कलम टाकून पुन्हा लिहिलं तेव्हा केवायसीच्या प्रती आल्या. सेल्फीत डोक्यावर ओढणी घेतलेली कुणी दुसरीच मुलगी आहे, विशीतली. मी सत्तेचाळीस वर्षांची. पैसे गेलेत ते खातंही तिसऱ्याच नावावर आहे. आणि आधारची प्रत माझीच.

ती प्रत बघताना अंगावर काटा आला. आधारच्या फोटोवरून एक बारीक काळी उभी रेघ गेलीय. मी कपाटातली फाईल काढली. लेकीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जून २०२३ ला पाच प्रती काढल्या होत्या, एक उरली होती. तिच्यावर तीच रेघ, त्याच जागी, भुवईवरून गालापर्यंत. यंत्राच्या काचेला चरा असणार. उरलेल्या चारांपैकी दोन कुठे दिल्या ते आठवतं. दोन आठवत नाहीत. सगळं ठाण्यात नेऊन दिलंय.

सासूबाईंना सेल्फी दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि रात्री मी न सांगता माझ्यासाठी थालीपीठ लावलं.

---

पासबुक_काका | २९ ऑगस्ट, रात्री १०.१०

शाब्बास. ती रेघ मी जन्मात विसरणार नाही. कर्ज विभागात असताना केवायसीच्या हजारो प्रती हातावेगळ्या केल्या, पण अशी खूण ओळखणारी तुम्ही पहिल्याच. आता बँका दर पंधरवड्याला, १५ तारखेची आणि महिनाअखेरची, माहिती पाठवतात. वस्तूच्या कर्जाची दुरुस्ती सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिसायला हवी. ५ सप्टेंबरला दुसऱ्याचे ३० दिवस संपतात. ६ पासून दिवस मोजायला लागा.

---

मोट | ३० ऑगस्ट, सकाळी ६.५०

ताई, थालीपीठाचं वाचून बरं वाटलं. मीबी रिपोर्ट काढला. चुलतभावाला घेऊन बसलो, त्यानं ट्रॅक्टरचे थकलेले दोन हप्ते भरले. बेबाकी दाखला मिळाला की लगेच ब्युरोत बघायचं ना काका?

---

पासबुक_काका | ३० ऑगस्ट, सकाळी ७.२०

दाखला पूर्ण कर्ज फिटल्यावर मिळेल. तोवर पुढचे हप्ते वेळेवर जातात का ते दर महिन्याला भावाला विचारत राहा. फिटलं की दाखला जपून ठेवा आणि महिन्याभराने रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' आलंय का ते बघा. दाखला हातात असून रिपोर्टमध्ये कर्ज चालूच दिसणारे लोक भरपूर आहेत.

---

आंबेमोहोर | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

पर्सनल लोन १७ तारखेला रिपोर्टमधून निघालं. १२ दिवस उशीर, म्हणून आज कंपनीकडून खात्यात १,२०० रुपये जमा झालेत. मागावे लागले, पण मिळाले. पोलिसांचा तपास चालू आहे, ज्या खात्यात पैसे गेले ते त्यांनी शोधलंय.

माझा स्कोअर आता ७४२ आहे. मॅनेजरसाहेबांनी प्रकरण पुन्हा वर पाठवलंय.

दशमी, भावाचं काय झालं? आणि सोनचाफा, आमच्या आळीतल्या नऊ जणींना रिपोर्ट काढून हवे आहेत. रविवारी दुपारी आमच्याकडे बसतोय. फुकटचं बटण कोणत्या ब्युरोत कुठे आहे ते मी आता डोळे मिटून सांगू शकते, पण क्रिफ हाय मार्कमध्ये सूक्ष्मकर्जाचा भाग वेगळा कसा वाचायचा ते तुम्ही फोनवर सांगाल का?

---

सोनचाफा | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ७.५५

फोन कशाला, कोल्हापूरहून कोरेगाव किती लांब आहे? सकाळच्या गाडीने येते. नऊ जणींना आधारला जोडलेला मोबाईल आणि पॅन बरोबर ठेवायला सांगा. आणि झेरॉक्स कुणीही आणू नका.